सर्वांत मोठ्या रात्री ध्यान आणि नाद: सोसायटीच्या हॉलमध्ये कसं बसवावं?

गच्चीवरची_तुळस (धागाकर्ती)

यंदा, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरात, सर्वांत लहान दिवसाच्या निमित्ताने आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तासाभराचा ध्यानाचा कार्यक्रम करायचं घाटतंय. २१ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साली जागतिक ध्यान दिवस म्हणून जाहीर केला, तेही निमित्त आहेच. माणसं साधारण तीस, वयं १२ ते ७८. तळमजल्याचा हॉल ६०० चौरस फुटांचा, खाली फरशी, दोन बाजूंना सरकत्या काचा. हाताशी असलेली सामग्री: एक जुना मर्दानी तानपुरा आणि तो जुळवू शकणाऱ्या काकू, सात इंची हाताने ठोकलेला सिंगिंग बोल (टोला दिला की लांब घुमणारी धातूची वाटी), चार इंची मशीनवर केलेला पितळी बोल, टाळांची एक जोडी, ब्लूटूथ स्पीकर.

प्रश्न असे. नेमका दिवस आणि वेळ कोणती धरायची? हा सगळा नाद एकमेकांत कसा बसवायचा? क्रम काय ठेवायचा? आणि कुणी यापासून लांब राहावं? कमिटीतले एक जण ४३२ हर्ट्झचा ट्रॅकच लावा म्हणून हटून बसलेत, त्यावरही बोला.

नतांश

आधी तारीख, कारण यंदा गोची तिथेच आहे. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचून वळतो तो क्षण २०२६ मध्ये भारतीय वेळेनुसार २२ डिसेंबरच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी येतो. लंडनच्या घड्याळात तेव्हा २१ तारखेची रात्र असते, म्हणून परदेशी पानांवर सरसकट २१ दिसेल. तुम्हाला क्षण गाठायचा नाही, रात्र गाठायची आहे. ती रात्र म्हणजे २१ ची संध्याकाळ ते २२ ची सकाळ. पुण्यात २१ ला सूर्यास्त ६:०३ ला, २२ ला सूर्योदय ७:०२ च्या आसपास. दिनमान ११ तास १ मिनिट. तेव्हा एकतर सूर्यास्ताला बसा, नाहीतर सूर्योदयापूर्वी. रात्री अडीचला तीस जणांना उठवून काही साधणार नाही, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी असतेच.

माझं मत पहाटेच्या बाजूने. डिसेंबरच्या मध्यापासून भोगीपर्यंत आपल्याकडे धुंधुरमास असतो. पहाटे उठून पूजा आणि उजाडताना बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी हा रिवाज नेमका याच दिवसांतला. कार्यक्रमाला वेगळं यूल (युरोपातला हिवाळी सण) वगैरे नाव शोधत बसायची गरज नाही, चौकट तयार आहे.

निवेदन करणाऱ्याने टाळायची एक चूक: 'आज सर्वांत लवकर अंधार पडतो' असं म्हणू नका. पुण्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होऊन गेलेला असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे खरी माध्यान्ह घड्याळाच्या तुलनेत रोज थोडी सरकते. संक्रांतीपर्यंत सूर्यास्त ६:१७ ला गेलेला असतो, पण सूर्योदयही ७:१० पर्यंत मागे सरकतो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या टोकाला.

'मग उत्तरायण संक्रांतीला ना?' हे कुणीतरी विचारणारच. आपली मकर संक्रांत ताऱ्यांच्या चौकटीत मोजतात, अयनदिन, म्हणजे सूर्य वळतो तो दिवस, ऋतूंच्या. दिवस-रात्र समान असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे दिसतो तो संपातबिंदू दर ७२ वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते, आज २४ अंशांचा फरक पडलाय. एवढं सांगून पुढे जा, नाहीतर ध्यानाचा तास पंचांगावरच्या वादात जाईल.

शेवटी सूर्य बघायचा असेल तर तो अगदी पूर्वेला उगवणार नाही. पुण्यातून तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. गच्चीचा कोणता कोपरा मोकळा आहे हे आठवडाभर आधी एका सकाळी बघून ठेवा, तेवढ्या दिवसांत जागा फारशी हलत नाही. समोर टॉवर असेल तर पंधरा-वीस मिनिटं उशीर धरा.

आणि हॉल आत्ताच अडवा. यंदा दत्तजयंती त्याच आठवड्यात आहे. सोसायटीत गुरुचरित्राचा सप्ताह बसत असेल तर हॉल हमखास त्यांच्याकडे असणार.

जवारी

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. ६०० चौरस फुटांत तानपुरा उघडा ऐकू जातो. लहान स्पीकरमधून खर्जाचा तळ गायब होतो आणि उरते ती वरची चरचर.

सूर कसा धरायचा ते सांगतो. तानपुरा मर्दानी आहे, म्हणजे काळी एकला (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आरामात लागेल. तो पंचमातच लावा: पहिली तार पंचम, मधली जोडी षड्ज (सा), शेवटची खर्ज (खालचा सा). काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, आणि बहुतेक बायकांना ओंकार तिथेच सोपा जातो. पुरुष षड्जावर, बायका पंचमावर, कुणालाच आवाज ताणावा लागत नाही. सगळ्यांना एकाच स्वरावर आणायच्या हट्टात निम्मे लोक खाली गुरगुरतात नाहीतर वर किंचाळतात.

आता बोल. बोल जुळवता येत नाही, तेव्हा तानपुरा बोलाला जुळवायचा. सात इंची बोलाचा मूळ स्वर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो, पण जाडीप्रमाणे बराच इकडेतिकडे होतो. मऊ मॅलेटने (बोल वाजवायच्या दांड्याने) हलका टोला द्या, पाच-सहा सेकंद थांबा म्हणजे वरचे स्वर विरतील, मग ट्यूनर ॲपवर आकडा बघा. समजा २१२ आला. त्याला पंचम मानलं तर षड्ज २१२ च्या दोन तृतीयांश, म्हणजे १४१ हर्ट्झ. काळी एक १३८.६ ला असते, तिच्यापेक्षा हा किंचित चढा. तानपुऱ्याला आणि गळ्याला दोन्हींना चालतो. आकडा अगदीच भलतीकडे गेला तर बोल आणि तानपुरा एकत्र वाजवू नका, आळीपाळीने वाजवा. मध्ये वीस सेकंद शांतता ठेवली की कानाला खटकत नाही.

जुळला तरी ओंकार चालू असताना बोल मारू नये. तारेतून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे नेटके असतात. बोलाचे तसे नसतात. त्याचा दुसरा स्वर मूळच्या साधारण पावणेतीनपट ते तिप्पट कुठेतरी असतो आणि तो गळ्याशी भांडतो. लाकडी दांड्याने मारला तर हा वरचा स्वरच आधी अंगावर येतो. म्हणून लोकर किंवा नमदा गुंडाळलेलं मॅलेट घ्या आणि कडेच्या थोडं खाली, तिरकं, पुसल्यासारखं मारा. नादात जी 'वाव-वाव' अशी लाट येते ती बोल पूर्ण गोल नसल्यामुळे येते. दोन बाजूंचे स्वर एखाद-दोन हर्ट्झने वेगळे असतात आणि सेकंदाला तेवढ्या लाटा ऐकू येतात. मशीनवरच्या गुळगुळीत बोलात ही लाट जवळजवळ नसते. तुमचा चार इंची बोल शोकेसमध्येच बरा.

बोल ठेवायला चुंबळ करा. जुन्या सुती साडीची, बोलाच्या बुडापेक्षा थोडी लहान. फरशीवर थेट ठेवलात तर खण्ण आवाज येऊन विझतो. हातावर घ्यायचा असेल तर तळवा सपाट, बोटं कडेला चिकटता कामा नयेत, एक बोट लागलं तरी नाद मरतो. कडेवरून दांडा फिरवणं नवख्याने कार्यक्रमात करू नये. तिथे फसतं ते असं: नाद वाढला की कड जोरात थरथरते, दांडा उडतो आणि खडखड सुरू होते. घाबरून माणूस वेग वाढवतो, खडखड आणखी वाढते. उपाय उलटा आहे. वेग कमी करायचा, दाब थोडा वाढवायचा, दांडा उभा धरायचा. हे हातात बसायला दोन आठवडे रोजचा सराव हवा. नसेल तर फक्त टोले द्या, ते पुरतात.

तानपुरा पाऊण तास आधी हॉलमध्ये आणून उघडा ठेवा. गार खोलीतून आणून लगेच जुळवला तर तीस माणसांच्या उबेने तारा सैलावून सूर उतरतो. म्हणून ढोबळ जुळणी आधी आणि शेवटची मण्यांवरची (तारेतले मणी सरकवून करायची बारीक) जुळणी सगळे बसल्यावर. डिसेंबरच्या कोरड्या हवेत खुंट्या आकसून घसरतात, त्यांना खडू घासा. जवारीचा दोरा (तार आणि तिच्याखालची घोडी यांच्यामध्ये घालतात तो) जुना असेल तर बदला. नवा दोरा घोडीवर केसभर मागेपुढे सरकवत नाद 'उघडतो' ती जागा शोधायची. हे त्या काकूंना सांगायची गरज नसेल, पण त्यांना जुळवायला वेळ द्यायचा असतो हे कमिटीला सांगायची असते.

टाळ मात्र जरूर घ्या. दोरीला धरून फक्त कडेला कड टेकवायची, आपटायची नाही. दोन्ही तुकडे किंचित वेगळ्या स्वराचे असतात, त्यामुळे लांब थरथरणारा आवाज निघतो. बाजारात तिंग्शा म्हणून विकतात ती वस्तू याच जातीची. शेवटी उठवायला यासारखं काही नाही.

४३२ बद्दल. स्वरांचा ४४० हर्ट्झ हा मापदंड आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने १९५५ मध्ये ठरवला तो वाद्यवृंदांच्या सोयीसाठी. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. काळी एक, पांढरी दोन, बोलाप्रमाणे १४१, काहीही. षड्जच हलता असताना एका ठरावीक आकड्यात औषध कुठून येणार? त्यांना ट्रॅक घरी ऐकू द्या, नुकसान नाही.

शिथिल_स्कंध

योगवर्गाच्या अनुभवी नजरेतून क्रम देते. पहाट धरली आहे, २२ तारीख, आत येणं पावणेसहा ते सहा.

पाच मिनिटं नुसता तानपुरा. निवेदन दोन वाक्यांचं. मग दीर्घ श्वसन, पाच सेकंद आत आणि पाच बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मोजून घ्यायला एकाने पहिलं मिनिटभर हळू आवाजात आकडे म्हणावे, नंतर बंद. पाच मिनिटं पुरे. मग अकरा ओंकार. सूर एक, श्वास ज्याचा त्याचा. सगळ्यांनी एकदम सुरू करून एकदम संपवायचं ठरवलं की ७८ वर्षांच्या आजोबांचा दम तुटतो आणि बाराव्या वर्षाचा मुलगा कंटाळतो. मागेपुढे सुरू झालं की ओंकाराचा पट्टा अखंड राहतो, ऐकायलाही तेच छान लागतं.

त्यानंतर भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुंजन करत श्वास सोडणं, नऊ वेळा. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, जीभ सैल. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो तो अंगठ्याने हलकेच मिटायचा, बोट कानात घालायचं नाही. नाकाने श्वास आणि सोडताना गुंजन, आठ-दहा सेकंद. सर्वसाधारण चुका दोन. एक, गुंजन मोठं करायचा प्रयत्न, त्याने घसा खवखवतो. दुसरी, कोपर वर उचलल्याने खांदे कानाला लागतात आणि मान धरते. कोपर खाली पडू द्या. कंप ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी जाणवला की बरोबर चाललंय.

मग आडवं होणं. इथे तुमचं गणित चुकेल. आडव्या माणसाला ये-जा धरून वीस चौरस फूट लागतात आणि मध्ये वादकांची जागा. ६०० फुटांत बावीस जण झोपतील. बाकीचे खुर्चीवर, पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले. साठीच्या पुढच्यांना आधीच खुर्च्या द्या म्हणजे प्रश्न मिटतो. बोल लांब भिंतीच्या मध्यावर आणि सर्वांत जवळचं डोकं त्यापासून किमान सहा फूट.

बोल पंधरा मिनिटं. पहिले टोले चाळीस सेकंदांच्या अंतराने, मग मिनिटाच्या, शेवटी दीड मिनिटाच्या. नाद पूर्ण विरल्याशिवाय पुढचा टोला नाही. नवखा वादक शांततेला घाबरतो आणि भराभर मारत सुटतो, त्यासाठी समोर काट्याचं घड्याळ ठेवा. एकूण पंधरा-सोळा टोल्यांच्या वर जायचं कारण नाही. त्यानंतर दहा मिनिटं काहीच नाही. हा कार्यक्रमाचा गाभा, आणि कमिटी नेमका हाच कापायला बघते. याच वेळात कुणीतरी घोरेल. शेजाऱ्याने खांद्याला हात लावून कुशीवर वळवायचं, हसायचं नाही.

टाळ एकदा. हातापायांची बोटं हलवणं, कुशीवर वळणं, तिथे पाच श्वास, मग उठून बसणं. झटकन उभं राहिल्यास वयस्कर मंडळींना चक्कर येते, कारण रक्तदाब पटकन सावरत नाही. सात वाजत आले की शाली घेऊन गच्चीवर.

थंडी गृहीत धरा. पुण्यात त्या पहाटे पारा दहाच्या आसपास असू शकतो. खाली सतरंजी, वर चटई, अंगावर शाल, पायांत मोजे. स्थिर पडलेलं शरीर दहा मिनिटांत गार पडतं आणि मग ध्यान पावलांवरच लागतं. सतरंज्यांचा आणखी एक फायदा, फरशी आणि काचांमुळे घुमणारा आवाज आटोक्यात येतो. काचांवर चादरी सोडल्या तर आणखी बरं. पंखे बंद, फोन एअरप्लेन मोडवर. व्हायब्रेटवर नको, फरशीवर तो भुंग्यासारखा वाजतो.

गच्चीवरची_तुळस

इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहाटच ठरवते. दोन शंका. हॉल उबदार करायला कोळशाची शेगडी ठेवू का, आणि धूप? निमंत्रणात 'नादोपचार, मायग्रेन व निद्रानाशावर गुणकारी' असं कमिटीने लिहिलंय, ते ठेवावं का?

ओपीडीनंतर

शेगडी अजिबात नाही. काचा लावलेल्या हॉलमध्ये कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, आणि डोळे मिटून पडलेल्या माणसाची गुंगी ध्यानाची की विषबाधेची हे बाहेरून कळत नाही. हीटर लावायचा तर आधी अर्धा तास लावून बंद करा आणि एक काच चार बोटं उघडी ठेवा. धूप-उदबत्तीही नको. दीर्घ श्वसन आणि धूर ही जोडी दमेकऱ्यांना त्रास देते. समई लावा, पण झोपलेल्यांच्या पायांपासून आणि शालींपासून लांब, कोनाड्यात.

निमंत्रणातली ती ओळ काढा. औषधे आणि जादुई उपाय कायदा, १९५४ हा ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी घालतो. त्यात अडकायची हौस कशाला? शिवाय मायग्रेन असलेल्या माणसाला जवळून बोल ऐकवणं हा उपाय नाही, उलट डोकं चढू शकतं.

माहीत आहे तेवढं सांगतो. मिनिटाला सहा श्वासांच्या लयीतल्या जप-प्रार्थनेने हृदयाच्या ठोक्यांचं आणि रक्तदाबाचं नियमन सुधारतं, हे २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर मोजलं गेलं. गुंजन करताना नाकातून येणारा नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासाच्या सुमारे पंधरापट असतो, हे २००२ मध्ये स्वीडनमध्ये दिसलं. बोलांवरच्या २०१६ च्या एका पाहणीत ६२ जणांचा ताण कमी झाल्याचं नोंदलंय, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. नुसतं तासभर शांत पडूनही तेवढंच बरं वाटलं असतं का, हे त्यातून ठरत नाही. 'शांत वाटेल' असं लिहा, ते खरं आहे.

लांब किंवा मागे कुणी बसावं: फिट्स येणारे, कानात सतत आवाज येणारे, मायग्रेनवाले. श्रवणयंत्र असलेल्यांनी टाळ वाजण्यापूर्वी आवाज कमी करावा. सर्दीने नाक चोंदलंय किंवा कान वाहतोय त्यांनी भ्रामरी करू नये, नुसतं ऐकावं. पोटावर-छातीवर बोल ठेवायचा प्रकार गर्भवती, पेसमेकर किंवा ताजं ऑपरेशन असलेल्यांसाठी नकोच, आणि गर्दीत कुणाचं काय ते कळत नसल्याने कुणावरच ठेवू नका. डोळे मिटल्यावर घाबरायला होणारे लोक असतात. 'डोळे उघडे ठेवले तरी चालेल, उठून बाहेर गेलात तरी चालेल' हे सुरुवातीच्या दोन वाक्यांतलं एक असू द्या. सकाळच्या गोळ्या ठरल्या वेळीच. मधुमेहींनी उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन बसू नये, आधी डोस आणि मग तासभर ध्यान हा क्रम धोक्याचा.

टेम्सकाठचा

तुळसताई, इथली लंडनची काही घरं झूमवर जोडायचा विचार असेल तर पहाटेचा कार्यक्रम आमच्या रात्री साडेबाराला सुरू होईल. २१ ला पुण्याच्या सूर्यास्ताला केलात तर आमची दुपारची साडेबारा, म्हणजे सोयीचं. पण आधी एक तांत्रिक गोष्ट. झूम तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून गाळून टाकतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, पार्श्वध्वनी दाबणारा पर्याय आपोआप बाजूला होतो. बोलाचा नाद विरताना मध्येच तुटत असेल तर कारण तेच. ऐकणाऱ्यांनी सगळ्यांनी म्यूट राहायचं. नेटवरून ओंकार एकत्र होत नाही, अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी कालवा होतो.

जवारी

फोनचा माइक तानपुऱ्याच्या भोपळ्यापासून दोन-अडीच फुटांवर, घोडीच्या रोखाने, मऊ टॉवेलवर ठेवा. बोलाच्या समोर ठेवलात तर पहिल्याच टोल्याला आवाज फाटेल. आदल्या दिवशी काकूंना घेऊन दहा मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.

नतांश

पोरांसाठी एक काम: २१ आणि २२ ला दुपारी १२:३३ च्या सुमारास गच्चीत मीटरभर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करायची. त्या वेळी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो, सावली ९० सेंटिमीटर, माध्यान्हीची वर्षातली सर्वांत लांब. खडूने टोक आखून तारीख लिहा आणि संक्रांतीला त्याच जागी परत मोजा, तेव्हा ती ८३ च्या आसपास भरेल. संक्रांतीला मात्र पावणेएकला मोजायचं, माध्यान्ह दहा मिनिटं पुढे गेलेली असते.